दिसणार नाही हे आधीच सांगणारी जंगलफेरी : बार्बाडोसमधील एका मार्गदर्शित सहलीचे परीक्षण

बार्बाडोस बेटाच्या ईशान्येला, सेंट अँड्र्यू पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तेथील प्रशासकीय विभाग), टर्नर्स हॉल वुड्स नावाचा सुमारे ५० एकरांचा जंगलाचा एक तुकडा शिल्लक आहे. इंग्रज वसाहतवाले येण्यापूर्वी या बेटावर जे अरण्य होते, त्याची कल्पना यावी अशी जी मोजकी ठिकाणे आज उरली आहेत, त्यांपैकी हे एक. तेथे एक स्थानिक मार्गदर्शक बाई अर्ध्या दिवसाची पायी फेरी घडवतात. पूर्वी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवत असत. फेरीचा विषय आहे बार्बाडोस थ्रेडस्नेक, म्हणजे आजवर ज्ञात असलेल्या सापांपैकी सर्वांत लहान मानला जाणारा साप. नोंदणीच्या वेळीच बाई तीन गोष्टी लेखी कळवतात: साप दिसणार नाही, तो शोधण्यासाठी एकही दगड किंवा ओंडका उलटला जाणार नाही, आणि हे मान्य नसेल तर आगाऊ रक्कम भरू नये. पर्यटनाच्या व्यवसायात इतका स्पष्टपणा मी क्वचितच पाहिला आहे. या सेवेला मी जी दाद देणार आहे, तिचा मोठा वाटा या भूमिकेलाच जातो. सेवेत उणिवाही आहेत आणि त्यांतील एक तर मला गंभीर वाटते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हा स्पष्टपणा किती मोलाचा आहे, हे मला राजधानी ब्रिजटाउनमध्ये मिळालेल्या दुसऱ्या एका पत्रकामुळे अधिक जाणवले. क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांसाठी छापलेल्या त्या पत्रकात ‘जगातील सर्वांत लहान साप हमखास दाखवू’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. हा साप शास्त्रज्ञांना जवळजवळ वीस वर्षे सापडलेला नव्हता आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला असे आश्वासन वाचून दोनच शक्यता दिसतात. दाखवला जाणारा साप भलताच कोणता तरी असेल, किंवा तो दाखवण्यासाठी रोज जंगलातील दगड उलथले जात असतील. यांतील दुसरी शक्यता अधिक घातक आहे, कारण जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एवढ्याशा प्राण्याला दगडाखालचा तो ओलसर, अंधारा, मुंग्या आणि वाळवीने भरलेला थरच घर आणि अन्न दोन्ही पुरवतो. दगड उलटला की तो थर उन्हाला आणि वाऱ्याला उघडा पडून सुकतो, आणि दगड पुन्हा जागेवर ठेवला तरी तो पूर्वीसारखा बसेलच असे नसते. ज्यांनी हा साप अलीकडे शोधून काढला, त्यांनीही दगड उलटूनच तो शोधला हे खरे. पण एखाद्या अभ्यासकाने नोंदीसाठी एक दगड काळजीपूर्वक उचलणे वेगळे, आणि पर्यटकांच्या प्रत्येक गटासाठी तेच दगड पुन्हा पुन्हा उचलणे वेगळे.

फेरीचा पहिला टप्पा जंगलात नव्हे, तर जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका घराच्या अंगणात होतो, आणि माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील हा सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग आहे. बाईंनी आम्हांला सावलीत बसवून एक काळा, मेण लावलेला दोरा हातात दिला. त्याची लांबी मोजून १० सेंटीमीटर होती. या सापाची नोंदलेली कमाल लांबी १०४ मिलिमीटर आहे आणि जाडी उकडलेल्या शेवईइतकी, हे मी आधी वाचले होते; तरीही तो दोरा तळहातावर घेतल्यावर आकड्यांनी जे सांगितले नव्हते ते समजले. कणा, फासळ्या, हृदय, फुप्फुस, यकृत, आतडे हे सारे एवढ्या जागेत मावते! त्यानंतर त्यांनी बार्बाडोसचे २५ सेंटचे नाणे काढून त्यावर तो दोरा वेटोळे करून ठेवला, आणि तो बरोबर मावला. अमेरिकेतील सरीसृपतज्ज्ञ ब्लेअर हेजेस यांनी या सापाचे जे छायाचित्र २००८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात साप अमेरिकी क्वार्टरवर, म्हणजे तिकडच्या २५ सेंटच्या नाण्यावर, होता. बाईंनी त्याच आकाराच्या जवळ जाणारे स्वतःच्या देशाचे नाणे निवडले होते, आणि त्यामागे हेतू होता. त्या नाण्याच्या एका बाजूवर मॉर्गन लुईस येथील ऊस गाळण्याची पवनचक्की कोरलेली आहे, जी याच सेंट अँड्र्यू पॅरिशमध्ये उभी आहे. जंगल का गेले आणि साप का दुर्मीळ झाला, याची हकीकत त्यांनी त्या पवनचक्कीपासून सुरू केली.

१६२७ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत झाली तेव्हा हे बेट जवळजवळ संपूर्ण अरण्याने झाकलेले होते. १६४० च्या दशकात ऊस आला, त्यामागोमाग आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे श्रम आले, आणि पुढील काही दशकांतच सपाट व उताराच्या बहुतेक जमिनीवरचे झाड तोडले गेले. बेटाचे मूळ अरण्य सुमारे ९८ टक्के नाहीसे झाले, असे संवर्धन संस्था सांगतात. सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या बेटावर जे उरले ते चुनखडीतील खोल घळींच्या कडांवर आणि टर्नर्स हॉलसारख्या तुकड्यांत. बाईंनी ही माहिती सांगताना आवाज चढवला नाही किंवा कोणाला अपराधीही वाटू दिले नाही. त्यांनी फक्त नाण्यावरची पवनचक्की आणि त्यावरचा दोरा यांच्याकडे बोट दाखवले. शिकवण्याची ही रीत मला फार आवडली.

माझ्यासोबत बारा वर्षांची माझी भाची होती. साप दिसणार नाही हे कळल्यापासून ती थोडी खट्टू होती. “मावशी, मग आपण बघायचं तरी काय?” असे तिने विचारले, आणि मी ते बाईंना इंग्रजीत सांगितले. बाईंनी उत्तर न देता तिला अंगणाच्या कोपऱ्यातील कुंड्यांकडे नेले आणि एक जड कुंडी तिरपी केली. खाली एक काळसर, चकाकता, गांडुळासारखा वळवळणारा जीव होता. भाची ओरडलीच, “अगं, हा तर वाळा!” आणि तो वाळाच होता. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीघरात किंवा कुंड्यांखाली निघणारा, बिनविषारी, गांडूळ समजून लोक ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात तोच हा साप कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरला आहे आणि बार्बाडोसमध्येही पोहोचला आहे. कुंडीखालचा हा शोध आधी आखलेला होता की नाही हे मी विचारले नाही. मात्र अंगणातील माणसाने ठेवलेली कुंडी हलवणे आणि जंगलातील दगड हलवणे यांतील फरक बाईंनी त्याच वेळी समजावला, हे सांगायला हवे.

वाळ्याच्या निमित्ताने जे अर्ध्या तासाचे विवेचन झाले, ते मला एखाद्या चांगल्या व्याख्यानाइतके मोलाचे वाटले. वाळा आणि बार्बाडोसचा हा स्थानिक साप दोघेही जमिनीखाली राहतात, दोघांचे डोळे खवल्यांखाली झाकलेले असल्याने त्यांना जेमतेम उजेड आणि अंधार कळतो, दोघेही मुंग्या आणि वाळवी यांची अंडी, अळ्या व कोष खातात. त्यामुळे मातीत एखादा दिसलाच तरी नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणे कठीण असते. परंतु ते दोन वेगळ्या कुळांतील आहेत. वाळ्याच्या शरीराभोवती मध्यभागी खवल्यांच्या २० ओळी असतात, तर थ्रेडस्नेकच्या कुळात त्या सहसा १४ असतात. वाळ्याचे दात वरच्या जबड्यात, तर थ्रेडस्नेकच्या कुळाचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. टेक्सासमधील थ्रेडस्नेकच्या एका नातलगाचे निरीक्षण करून १९९९ मध्ये नेथन क्ले आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड या संशोधकांनी असे दाखवून दिले की हा साप खालच्या जबड्याचे दोन भाग दाराच्या दोन पाखांसारखे झपाट्याने आत-बाहेर फिरवून अळ्या तोंडात ओढतो. वारुळात सैनिक मुंग्या चाल करून येण्यापूर्वी जितके अधिक खाता येईल तितके खाण्याची सोय त्यात असावी, असे बाईंनी सांगितले. पण बार्बाडोसच्या सापावर हा अभ्यास झालेला नाही, हेही त्यांनी लगेच जोडले. जे एका प्राण्याबद्दल सिद्ध झाले आहे ते दुसऱ्याच्या नावावर खपवायचे नाही, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

सर्वांत मोठा फरक मात्र प्रजननाचा आहे. आजवर ज्ञात असलेले सर्व वाळे माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतून एकटी मादी गेली तरी नव्या बेटावर तिची वसाहत उभी राहू शकते. बार्बाडोस थ्रेडस्नेकला नर आणि मादी एकमेकांना भेटावी लागतात, आणि मादी एका वेळी एकच अंडे घालते. ते एकच का, याचे कारण हेजेस यांनी मांडले आहे: साप जितका लहान, तितके त्याच्या पोटात कमी अंडी मावतात; शेवटी अशी मर्यादा येते की एकच अंडे घालता येते, आणि तेही आईच्या मानाने फार मोठे असते, कारण त्याहून लहान पिल्लाला खाण्याजोगे काही मिळणार नाही. सर्वांत लहान सापांची पिल्ले आईच्या निम्म्या लांबीची असतात, तर मोठ्या सापांची पिल्ले आईच्या सुमारे एक दशांश. हे ऐकल्यावर भाचीने दोरा मध्यावर दुमडून पाहिला आणि म्हणाली की हे तर पाच सेंटीमीटरचे बाळ झाले. त्या क्षणी तिची नाराजी संपली होती. विरळ झालेल्या आणि तुकड्यातुकड्यांत अडकलेल्या प्राण्यासाठी एक अंडे आणि जोडीदाराची गरज या दोन गोष्टी एकत्र येणे किती अवघड असते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

जंगलात शिरताना वाट उताराची आणि चिकणमातीची होते. हा भाग स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये येतो, जेथे बेटाच्या उरलेल्या मोठ्या भागावर असलेले प्रवाळी चुनखडीचे आवरण झिजून गेले आहे आणि खालचे जुने गाळाचे खडक उघडे पडले आहेत. त्यामुळे पाऊस पडला की उतार घसरतात आणि वाट निसरडी होते. वर पाहिले तर रेशीम सावरीचे रुंद आधारमुळांचे खोड, काट्यांनी भरलेले सँडबॉक्सचे झाड, काटेरी मॅको ताड, आणि लोंबत्या मुळांचे अंजीरवर्गीय वृक्ष दिसतात. बार्बाडोस बुलफिंच हा बेटाचा एकमेव प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त येथेच आढळणारा, पक्षी पायांपाशी येऊन उड्या मारतो. हिरवी माकडे दूरवर हलताना ऐकू येतात. बाईंनी या सर्वांची नावे सांगितली, पण थांबल्या त्या प्रत्येक वेळी जमिनीपाशी. पालापाचोळ्याचा थर किती जाड आहे, तो कुठे कोरडा आणि कुठे ओला आहे, वाळवीने पोखरलेला ओंडका कुजण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, मुळांखालची माती सैल का राहते, हे सारे त्यांनी भिंगातून दाखवले. जमिनीवर पडलेली पाने हाताने हलवू नयेत, हे त्या प्रत्येक नव्या पर्यटकाला शांतपणे पुन्हा सांगत होत्या.

त्या वाटेवर जॅक-इन-द-बॉक्स नावाच्या झाडापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. या झाडाचे फळ एका फुगीर आवरणात असते, त्या आवरणाला एक भोक असते, आणि वारा आला की त्यातून घुमल्यासारखा आवाज येतो. २० मार्च २०२५ रोजी बेटाच्या मध्यभागातील एका छोट्या जंगलात, अशाच एका झाडाच्या मुळाखाली अडकलेला दगड उचलल्यावर बार्बाडोस थ्रेडस्नेक पुन्हा सापडला. कॉनर ब्लेड्स हे पर्यावरण मंत्रालयाचे प्रकल्प अधिकारी आणि जस्टिन स्प्रिंगर हे री:वाइल्ड या संस्थेचे कॅरिबियन कार्यक्रम अधिकारी, असे दोघे त्या वेळी तेथे होते. बेटावरील प्रदेशनिष्ठ सरपटणाऱ्या प्राण्यांचे सर्वेक्षण चालू होते आणि ब्लेड्स वर्षभराहून अधिक काळ या सापाच्या शोधात होते. सापडलेला साप वाळा नाही याची खात्री करण्यासाठी त्यांनी तो वेस्ट इंडीज विद्यापीठात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, पाठीवरच्या दोन फिकट पिवळसर रेषा आणि डोक्याच्या बाजूंना असलेले डोळे पाहिले, आणि मग त्याला पुन्हा त्याच जंगलात सोडले. री:वाइल्डच्या ‘विज्ञानाला हरवलेल्या’ सुमारे ४,८०० वनस्पती, प्राणी आणि बुरशींच्या यादीत हा साप होता. बाईंनी ही हकीकत सांगितली, पण ते जंगल कोणते हे सांगण्याचे टाळले, आणि कोणी आग्रह धरला तेव्हा असे ठामपणे सांगितले की ठिकाण जितके थोड्या लोकांना माहीत राहील तितके त्या सापाला बरे. टर्नर्स हॉलच्या जंगलातही तो असण्याची आशा त्या बोलून दाखवतात, पण त्याला दावा म्हणत नाहीत.

हेजेस यांना हा साप २००६ मध्ये सेंट जोसेफ पॅरिशमधील जंगलात सापडला आणि २००८ मध्ये त्यांनी तो नवीन जाती म्हणून नोंदवला. जातीच्या वैज्ञानिक नावात कार्ला हे त्यांच्या पत्नीचे नाव आहे. त्याही सरीसृपतज्ज्ञ आहेत. त्याच शोधनिबंधात सेंट लुसिया बेटावरील आणखी एका थ्रेडस्नेकचेही वर्णन होते. पूर्वी बार्बाडोसमधून गोळा होऊन संग्रहालयांत पडून असलेले काही नमुने मार्टिनिकमधील नातलगाच्या नावाने नोंदले गेले होते, ही गोष्ट बाईंनी ओघात सांगितली. बेटावरच्याच लोकांना आपल्याच मातीतील प्राणी इतक्या उशिरा कळला याची हुरहूर त्यांच्या बोलण्यात होती, आणि आजही अनेक बार्बाडोसवासीयांनी हा साप पाहिलेला नाही.

फेरीचा शेवटचा भाग नामशेष झालेल्या प्राण्यांविषयी होता, आणि तो ऐकताना मला अस्वस्थ वाटले. बार्बाडोस रेसर हा बेटाचा दुसरा स्थानिक साप आज अस्तित्वात नाही; एक स्थानिक सापसुरळीही गेली. १८७२ मध्ये भारतातून जमैकात आणलेले मुंगूस पुढे इतर ऊसबेटांवर पसरले, बार्बाडोसवरही आले, आणि उसातील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी आणलेल्या या प्राण्याने जमिनीवर राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा संहार केला. बार्बाडोसची पानबोटी पाल मात्र नामशेष मानली गेली असताना २०११ मध्ये पुन्हा आढळली, आणि थ्रेडस्नेकबाबतही तसेच घडले. जमिनीखाली राहिल्यामुळे हा साप मुंगसापासून काही प्रमाणात वाचला असावा असा बाईंचा अंदाज आहे. मला तो पटतो, परंतु तो अंदाज आहे हे लक्षात ठेवावे.

आता उणिवा. पहिली, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर, म्हणजे बुटांची स्वच्छता. जंगलात शिरण्यापूर्वी कोणाचेही बूट ब्रशने घासले गेले नाहीत, बुटांखालची माती काढण्यासाठी पाण्याची सोय नव्हती, आणि आम्ही सारे त्याच कुंड्यांच्या अंगणातून, वाळा असलेल्या मातीवरून चालत थेट जंगलात गेलो. परकी माती, तिच्यातील अंडी, मुंग्या, सूक्ष्मजीव हे सारे असेच पसरते, हे ज्या सेवेने अर्धा तास समजावले, तिनेच ते विसरावे हे मला अजिबात रुचले नाही. वाळा आणि थ्रेडस्नेक यांच्यात अन्नाची स्पर्धा होण्याची शक्यता अभ्यासकांना वाटते. अशा वेळी अंगणात एक बादली, दोन ब्रश आणि पाच मिनिटे एवढे पुरेसे होते. मी हे बाईंना सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

दुसरी उणीव गटाच्या आकाराची. त्या दिवशी एका पर्यटन कंपनीने आयत्या वेळी आणखी काही लोक जोडले आणि गट इतका मोठा झाला की अरुंद वाटेवर मागच्या लोकांना बाईंचे शब्द ऐकू येत नव्हते, आणि वळणावर उभे राहण्यासाठी काहींनी वाट सोडून पालापाचोळ्यावर पाय ठेवले. भिंगाच्या वेळीही रांग लागली. या विषयासाठी गट लहानच हवा. तिसरी बाब अशी की फेरीचे शुल्क कोठे जाते, त्यातील काही भाग संवर्धनाच्या कामाला मिळतो का, याविषयी एकही ओळ लेखी दिली जात नाही. विचारल्यावर बाईंनी मोकळेपणाने उत्तर दिले, पण पैसे भरणाऱ्याने विचारायची वेळ येऊ नये. वेळापत्रकातील अर्ध्या दिवसापैकी बराचसा वेळ हॉटेलांतून लोक गोळा करण्यात गेला, हेही नमूद करते. छापील माहितीपत्रक मिळत नाही; मुलांसाठी सापाच्या खवल्यांचे, दातांचे आणि अंड्याचे एक चित्र असते तरी ते घरी नेऊन पुन्हा पाहता आले असते.

शुल्क बार्बाडोस डॉलरमध्ये द्यावे किंवा अमेरिकी डॉलरमध्ये, दोन्ही चालते, कारण दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर हा दर स्थिर आहे. शुल्क माणशी नसून गटाप्रमाणे ठरते, म्हणून चार-पाच जण मिळून आधीच स्वतंत्र फेरी ठरवावी. तिचा खर्च माणशी फारसा वाढत नाही आणि गर्दीही टळते. क्रिकेटसाठी केन्सिंग्टन ओव्हलला येणाऱ्या आपल्याकडील प्रेक्षकांना ब्रिजटाउनपासून जंगलापर्यंत स्वतः गाडी चालवत जाणे जड जाणार नाही, कारण येथेही वाहने डाव्या बाजूनेच धावतात. मात्र स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमधील शेवटचे रस्ते अरुंद आणि चढउताराचे आहेत. जून ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ असतो, तेव्हा चिकणमातीवर घसरणे सहज घडते. डिसेंबर ते मे या काळात वाट सोपी असते. घोट्यापर्यंतचे बूट, लांब बाह्यांचा सदरा आणि डासांवरचे मलम सोबत असावे, पण ते मलम हाताला लावून पालापाचोळ्याला हात लावू नये, अशी सूचना बाई देतात आणि ती पाळावी.

ज्यांना जिवंत साप हातात घेऊन छायाचित्र काढायचे आहे, त्यांनी ही फेरी घेऊ नये. त्यांची निराशा होईल आणि जंगलाला त्यांचा उपयोग नाही. ज्यांना एवढ्या लहान प्राण्याच्या जगण्याची रचना समजून घ्यायची आहे, ज्यांच्या मुलांना जीवशास्त्र आवडते, किंवा ज्यांना बेटाचा इतिहास उसापलीकडे जाऊन पाहायचा आहे, त्यांना ही अर्ध्या दिवसाची फेरी मी निःसंकोच सुचवीन. पाचपैकी चार गुण देत आहे. बुटांसाठी बादली आणि ब्रश ठेवले गेले तर पाचवा गुणही देईन.

नोंदणी करताना दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: गटात कमाल किती लोक असतील हे लेखी मिळवावे, आणि ज्या दिवशी बंदरात मोठी क्रूझ जहाजे लागणार असतील तो दिवस टाळून सकाळी लवकरची वेळ मागावी. लहान मुले बरोबर असतील तर अंगणातला भाग घाईत आटोपू नये, असे बाईंना आधीच सांगून ठेवावे. दोरा, नाणे आणि कुंडी यांसाठी त्या आनंदाने अधिक वेळ देतात.